दुसऱ्या रांगेची चकती

या गं, अशा जवळ सरकून बसा. कुणाला आधी जाऊन यायचं असेल तर खुशाल जाऊन या. आपली गोष्ट काही पळून जात नाही. आज मी माझ्या मावशीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गळ्याची आहे, आणि बेंबीच्या खालच्या त्या जागेचीही आहे, जिच्याबद्दल आपण बायका एकमेकींच्या कानातसुद्धा बोलत नाही. नाकं मुरडू नका. सगळा देह देवाने दिला म्हणता, मग त्यातली लघवीची पिशवी तेवढी काय शेजारणीने आणून ठेवली?

त्या खिळ्याला लाकडाची एक चकती टांगलीय, दिसली? तळहाताएवढी, दोरी ओवलेली. एके काळी ती लाल होती. आता रंग म्हणाल तर फक्त दोरीच्या भोकाभोवती उरलाय. तो रंग कसा उडाला, तीच ही गोष्ट.

माझी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तेव्हा आपण होऊन नंबर फिरवायची सोय नव्हती. लांबच लांब खोली, भिंतीला लागून भोकांचे बोर्ड, समोर उंच खुर्च्यांची रांग. बोर्डावर बारीक दिवा लागला की वायरची खुंटी त्या भोकात सारायची, "नंबर सांगा" म्हणायचं, आणि दुसरी खुंटी त्या नंबरात. कानावर फोन, छातीवर बोलायचा भोंगा. माझं शिक्षण संपलं तशी मावशीने शब्द टाकला आणि मला तिच्याच शेजारची खुर्ची मिळाली. त्या खोलीचा वास मला अजून येतो बघा: तापलेली वायर, धूळ आणि कुणाच्या तरी डोक्याचं तेल. आज कुठे असा वास आला की माझी पाठ आपोआप ताठ होते.

खुर्च्यांच्या मागून सुपरवायझर बाई फेऱ्या मारायच्या. आम्ही त्यांना 'लंबक' म्हणायचो, कारण त्या टोकाला जाऊन परत फिरायच्या आणि बोलायच्या मात्र काहीच नाहीत. त्यांच्या टेबलामागे दोन खिळे होते आणि त्यांना दोन चकत्या. पहिल्या रांगेची निळी, दुसऱ्या रांगेची लाल. उठायचं असेल तर आपल्या रांगेची चकती घ्यायची, ती हातात धरून मोरीकडे जायचं, परत येऊन खिळ्याला लावायची. एका रांगेची एक चकती, म्हणजे एका वेळी एकीनेच उठायचं. पहिल्या रांगेची चकती हाताळून हाताळून पांढरी पडली होती. आमची लाल मात्र करकरीत. कारण आमच्या रांगेत मावशी होती.

मावशी आख्ख्या ड्यूटीत उठत नसे. सगळ्या तिला 'धरण' म्हणायच्या आणि ती ते नाव मिरवायची. तिच्या देखादेखी रांगेतल्या बाकीच्या पोरीही दात-ओठ खाऊन बसायच्या. चकतीला हात लावणं म्हणजे आमच्या रांगेचं नाक कापणं! पहिल्या दिवशी मी तहान लागली म्हणाले, तर मावशी कुजबुजली, "घसा ओला होईल एवढाच घोट घे. पाणी पिऊन कोण नोकरी करतं? तोंडातून आत गेलं की खालून बाहेर येणारच ना वेडे?" मी मान डोलावली. मला वाटलं, कामाची हीच रीत असणार.

आता गळ्याचं सांगते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी बुवांच्या कथेला जायचो. बुवा म्हणजे गाऊन कथा सांगणारे. शाळेच्या हॉलमध्ये व्हायची कथा. बुवा उभे राहून देवाचं सांगता सांगता गाऊ लागायचे, गाता गाता हसवायचे, आणि हसून डोळ्यांत पाणी आलेलंच असायचं तेवढ्यात रडवायचे. बुवांचे शिंपी असलेले भाऊ पेटी वाजवायचे. आणि ध्रुपद, म्हणजे कथेत परत परत येणारी ती ओळ, धरायची माझी मावशी. 'तुझ्या दारी आले देवा, ओंजळ रिकामी घेऊन' हे बुवांचं स्वतःचं ध्रुपद. त्यातल्या 'देवा'वर मावशीचा सूर असा वर जायचा, की खिडकीतली कबुतरंसुद्धा घुमायची थांबायची. तो सूर तसाच धरून ती बुवांकडे बघायची आणि बुवा मान हलवायचे: आहे, आहे, अजून थोडं. तेवढा वेळ देव त्या हॉलच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहतो, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

मी एक्स्चेंजला लागले त्या वर्षी मावशी पेटीजवळून उठून मागे बसायला लागली. मग दाराशी. मग यायचीच बंद झाली. "घसा बसलाय," म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी बोर्डावर तिचं "नंबर सांगा" घंटेसारखं खणखणीत! मी तिच्या शेजारी बसणारी; मला कसं पटावं?

एकदा कथा संपल्यावर बुवांनी मला हाक मारली. "तुझ्या मावशीला एक निरोप दे. हिवाळा सरला की मी मुलीकडे राहायला जातोय, कायमचा. जायच्या आधी एक शेवटची कथा करीन. ध्रुपद तिने धरायचं."

"तिचा घसा—"

"घसा म्हणे! काल मी फोन लावला तेव्हा तिनेच जोडून दिला की. माझ्याशी भांडण असेल तर समोर येऊन भांड म्हणावं. मुक्याने नको."

निरोप ऐकून मावशीने खुंटी चुकीच्या भोकात घातली. तिच्या हातून असं कधी होत नसे. डोळे पुसले आणि म्हणाली, "नाही जमायचं गं." एवढंच.

कारण कळलं ते एका विनोदामुळे. आमच्या रांगेत एक बाई होती, तिला सगळ्या 'फटाकडी' म्हणायच्या. एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, "बाई, माझी बायको फोनवर आहे का?" ती म्हणाली, "असेल तर जोडू की तोडू?" हे तिने जेवणाच्या सुट्टीत असं काही करून दाखवलं की आम्ही पोट धरून हसलो. मावशीही हसली. आणि हसता हसता एकदम गप्प, ताठ. चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, "तुझा स्वेटर दे. आणि घरी जाताना माझ्या मागून चाल. अगदी चिकटून."

घरी पोचल्यावर तिने दार लावलं. मोरीत पडद्यामागे दोरीवर जुन्या कपड्यांच्या घड्या वाळत होत्या. मग माझ्या ध्यानात आलं, मावशी हल्ली गडद रंगाचेच कपडे का घालते, आणि कुणाकडे गेली तरी कडेच्या खुर्चीवरच का बसते.

"हसले, शिंकले, खोकले की सुटते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "धाकटा झाला तेव्हापासून थोडं थोडं होतं. आधी थेंब असायचे. आता... मागे शेवटचं गायले तेव्हा 'देवा'वर सूर लावला आणि सतरंजी ओली झाली. देवासमोर गं! पेटीवाल्या भाऊंना दिसलं असेल का, ह्या विचाराने मला झोप नाही. त्यांनी काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"ह्यात काय दाखवायचं? वय झालं, पोरं झाली. सगळ्यांचं असंच. मी पाणी आणखी कमी केलंय."

"अजून कमी? आता काय, दवावर जगणार?"

तिला हसू आलं आणि ती घाबरून थांबली. मावशी हसू आवरतेय! ते बघून मी पणच केला, हिला शेवटच्या कथेला पेटीजवळ बसवायचंच.

पण आमचं दोघींचं बोलणं तिथेच राहिलं असतं, ताप आला नसता तर. त्याच आठवड्यात लघवीला आग व्हायला लागली, मग कंबर धरली, मग हुडहुडी भरली. बोर्डावर बसल्या बसल्या तिचे दात वाजत होते, तरी चकतीकडे हात जाईना. मी तिला उठवलं आणि थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई जाडजूड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड फटकळ. लघवी तपासली, पाठीत बोटं दाबून पाहिली. म्हणाल्या, "जंतू झालेत, आणि वरपर्यंत चढायच्या बेतात आहेत. लवकर आलात हे बरं केलंत. गोळ्या देते, सगळ्या संपवायच्या. बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडायच्या नाहीत. ताप उतरला नाही, उलट्या सुरू झाल्या किंवा लघवीत रक्त दिसलं, तर तडक इकडे. दिवसभर किती पाणी पिता?"

मावशीच्या आधी मीच म्हणाले, "घोटभर."

"लघवीला किती वेळा जाता?"

"कामावर नाही जात," मावशी म्हणाली, आणि त्या अवस्थेतही तिच्या आवाजात थोडी ऐट होतीच.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. मी त्यांना चकतीचं सगळं सांगितलं, 'धरण' हे नावसुद्धा. त्या ऐकून हसल्या नाहीत.

"बाई, पिशवी तुमची आहे, एक्स्चेंजची नाही. तासन्‌तास तुंबवून ठेवली की जंतूंना आयतं घर मिळतं. लागली की जायचं. आणि उगीच 'असू दे आत्ताच' म्हणून घडीघडीला पण जायचं नाही, नाहीतर पिशवीला थोडंसुद्धा साठवायची सवय राहत नाही. पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं. लघवी फिकट दिसली की समजायचं, पुरतंय. चहा किती होतो?"

"तो होतो," मावशी म्हणाली.

"तो कमी. पुसताना पुढून मागे, मागून पुढे नाही. बसताना नीट टेकून बसायचं, घाईने अर्धवट उठायचं नाही. शौचाला खडा होत असेल तर तेही सांगा, कुंथण्याने खालचा आधार सैल होतो."

मावशीने माझा हात दाबला. मग भिंतीकडे बघत तिने ते दुसरंही सांगितलं. हसणं, शिंकणं, सतरंजी.

"मग पाणी कशाला तोडलंत?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आता आवाज मऊ होता. "पाणी तोडून गळती थांबत नाही हो. लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, मग ती आणखी घाई करते. तुमच्यासारख्या इथे रोज येतात. येत नाहीत त्या त्याच्या कितीतरी पट. बाळंतपणाने, वयाने खालचे स्नायू सैल पडतात. आणि स्नायूच ते, कामाला लावले की बऱ्याच जणींचे पुन्हा जोर धरतात. ताप गेला की या, शिकवते."

ताप गेल्यावर गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लघवी मध्येच थांबवायची झाली तर जे आवळाल, ते आवळायचं. आत आणि वर ओढायचं, धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. पण लघवी करताना हा सराव नाही हं करायचा, कोरड्या वेळीच. करा बघू."

मावशीने डोळे मिटले, गाल फुगवले, खांदे कानाला नेले. तोंड लालबुंद.

"अहो, श्वास कोंडलात की! श्वास कोंडला की वरून दाब येतो, सगळं खाली ढकललं जातं. पोट नको, मांड्या नकोत, श्वास चालू. पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. आयुष्यभर धरून बसायची म्हणजे दम कोंडूनच बसायची, ही तिची सवय. ती एका सकाळी कशी सुटावी? मावशी हिरमुसली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "डॉक्टर, गाताना माणूस श्वास कोंडू शकतं का?"

"गाता तुम्ही?"

"गात होते," मावशी म्हणाली.

"मग आता गा. हळू. आणि गाता गाता ओढून धरा."

त्या औषधाच्या वासाच्या खोलीत मावशीने किती दिवसांनी ध्रुपद उचललं. अगदी गुणगुणल्यासारखं. 'तुझ्या दारी आले देवा...' खांदे खाली आले. कपाळाच्या आठ्या गेल्या. 'देवा'वर सूर थांबला, आणि तिने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं हरवलेलं काहीतरी आपल्याच पदराच्या गाठीत सापडावं.

"लागलं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेच रोज. महिने लागतील काही. आज रोप लावून उद्या सावली मागू नका."

आता खरी परीक्षा एक्स्चेंजात होती. व्यायामाचं सोपं होतं. बोर्डावर बसल्या बसल्या मावशी "नंबर सांगा" म्हणायची आणि ओढून धरायची, नंबर जोडला की सोडायची. सगळ्या गावाचे फोन जोडताना ही बाई काय करतेय, ह्याचा कुणाला पत्ता नव्हता! पण पाणी? ड्यूटीवर परत रुजू झाल्या दिवशी तिने बोर्डाच्या कडेला पाण्याची बाटली ठेवली. सगळ्यांनी बघितलं. दुपारपर्यंत बाटली निम्मी झाली आणि मावशी खुर्चीवर चुळबुळू लागली.

मी हळूच म्हणाले, "जा ना."

"सगळ्या बघतायत गं."

"सतरंजीच्या वेळी हॉलभर माणसं होती, त्यापेक्षा कमीच."

मावशीने माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कानावरचा फोन काढला, खुर्ची मागे सारली आणि टेबलाकडे चालू लागली. खोलीत खुंट्यांचा आवाज थांबला. तिने खिळ्यावरची लाल चकती काढली.

"अगं बाई!" फटाकडी ओरडली. "धरणाचे दरवाजे उघडले!"

सगळ्या हसल्या. मावशी वळली. मला वाटलं, आता ही चकती परत ठेवते. ती म्हणाली, "उघडावेच लागतात. नाहीतर भिंतीला चिरा जातात. माझ्या गेल्यात. दवाखान्यात जाऊन आले मी. तुम्ही पोरींनी माझं बघून पाणी तोडलंत ना? आता माझं बघूनच प्या."

बोर्डावर दिवे लुकलुकत राहिले. तेवढ्यात लंबक बाई आपल्या फेरीतून वळल्या, मावशीच्या रिकाम्या खुर्चीपाशी थांबल्या, आणि खुर्चीत बसून त्यांनी कानाला फोन लावला.

"जा गं तू," त्या म्हणाल्या. "मी बसते. ह्या खुर्चीवरून बढती होऊन उठले ना, तेव्हा सगळ्यात आधी मोरीत गेले होते मी."

त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य आम्ही पहिल्यांदा ऐकलं. मावशी परत आल्यावर फटाकडी उठली, मग कोपऱ्यातली नवी पोरगी, मग मी. त्या दिवसापासून कुणी उठली की तिच्या खुर्चीत लंबक बाई बसायच्या. आमच्या चकतीचा रंग उडायला लागला तो असा.

हिवाळा सरत आला. गळती एकदम गेली नाही हं; खोटं कशाला सांगू? पण शिंक यायच्या आधी आवळून धरायचं तिला जमू लागलं. दोरीवरच्या घड्या कमी झाल्या. एकदा फटाकडीने पुन्हा तो फोनचा किस्सा करून दाखवला आणि मावशी अगदी मोकळी हसली. हसून झाल्यावर माझ्या कानात म्हणाली, "कोरडी!" परीक्षेचा निकाल सांगावा तशी.

शेवटच्या कथेला हॉल खच्चून भरला होता. मावशीने उजळ रंगाचे कपडे घातले होते. ती पेटीजवळ जाऊन बसली, तेव्हा पेटीवाल्या भाऊंनी काही न बोलता तिच्यासाठी जागा केली आणि पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला. बुवांनी नुसतं पाहिलं. कथा सुरू झाली. पहिलं ध्रुपद आलं, मी देवाचं नाव घेत पायाची बोटं आवळून बसले. 'तुझ्या दारी आले देवा' — सूर वर गेला, थांबला, थरथरलासुद्धा नाही. बुवांनी मान हलवली: आहे, आहे, अजून थोडं. मावशीने अजून थोडं धरलं, आणि हसत हसत सोडलं.

कथा अर्ध्यावर आली तशी तिची चुळबुळ मला दिसली. तिने घाई केली नाही. स्थिर बसून, आवळून, पहिली कळ जाऊ दिली, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं. ओवी पुरी केली. मग उठली. भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, बायापुरुषांच्या रांगांमधून ताठ मानेने बाहेर गेली. पूर्वीची मावशी गेली असती ती परत आलीच नसती.

बुवांच्या कथेतला भक्त नेमका देवाच्या दारात येऊन पोचला होता. तिथेच ध्रुपद हवं होतं. पेटीवाल्या भाऊंनी वर पाहिलं. बुवा घाम पुसत सगळ्यांना म्हणाले, "भक्त दारात उभा आहे. राहू दे की जरा उभा! आपल्याला काय घाई? ज्याने हा देह केला, त्याला देहाच्या गरजा ठाऊक नाहीत होय?" आणि त्यांनी आपल्या लहानपणीचा एक किस्सा सुरू केला. कथा ऐकताना लाजेने उठले नव्हते, आणि मग काय झालं, तो किस्सा. सगळा हॉल हसला. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या, ज्या कधीच्या अवघडून बसल्या होत्या, हसत हसत उठल्या आणि त्याही बाहेर गेल्या.

मावशी परत आली. जागेवर बसली. बुवांनी किस्सा तिथेच सोडला आणि हात वर केला.

त्या दिवशीचा तो सूर मी पुन्हा कुणाच्या गळ्यात ऐकला नाही. बुवा गेले मुलीकडे, आणि पुढे देवाकडे. एक्स्चेंजात आपोआप जोडणारी यंत्रं आली, खुर्च्या गेल्या, खोलीत गोदाम झालं. शेवटच्या दिवशी लंबक बाईंनी खिळ्यावरून लाल चकती काढून मावशीच्या हातात ठेवली. लाल कसली, भोकाभोवती सोडलं तर नुसतं लाकूड उरलं होतं. मावशी खूप म्हातारी होऊन गेली, आणि जाईपर्यंत ध्रुपद गात होती. चकती माझ्या खिळ्याला आली.

आता उठा, पाय मोकळे करा. माझं एकच मागणं आहे. कुठे लांबच्या प्रवासात, सभेत, कामाच्या खुर्चीवर, पाण्याचा पेला समोर असून तुम्ही तो लांब साराल. किंवा लागलेली असून 'कशाला चारचौघांत उठा' म्हणून दात आवळून बसाल. तेव्हा माझ्या मावशीला आठवा. भरल्या हॉलमधून ती ताठ चालत गेली, आणि तिच्यासाठी देवाच्या दारात भक्त थांबून राहिला, तेवढं आठवा. आणि उठा.